चेक पिस्तुले : एका शस्त्रपरंपरेची ओळख

चेक प्रजासत्ताक हा मध्य युरोपातील सुमारे एक कोटी लोकवस्तीचा देश. काचसामान, स्कोडा मोटारी आणि बाटाची पादत्राणे यांमुळे भारतीय वाचकाला तो परिचित आहे. बाटा उद्योगाचे मूळ गाव झ्लिन. त्याच झ्लिन प्रांतात उहेर्स्की ब्रोद नावाचे एक लहानसे शहर आहे. थोर शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस यांच्या नावाशी निगडित असलेल्या या शहराची दुसरी ओळख म्हणजे तेथील शस्त्रांचा कारखाना होय. जगभरातील नेमबाज आणि संग्राहक ज्या पिस्तुलांना 'सीझेड' या दोन अक्षरांनी ओळखतात, त्यांतील सर्वांत प्रसिद्ध पिस्तूल येथेच घडले.

'पिस्तूल' हा शब्दही मुळात चेक असावा, असे अनेक भाषाशास्त्रज्ञांचे मत आहे. चेक भाषेत 'पिश्तला' म्हणजे पावा. पंधराव्या शतकातील हुसाइट युद्धांत पाव्यासारख्या लांबट नळीच्या लहान बंदुकीला हे नाव पडले, पुढे जर्मन व फ्रेंच भाषांतून ते युरोपभर पसरले आणि युरोपीयांबरोबर आपल्याकडे आले.

प्रस्तुत लेखात विसाव्या शतकातील अभिजात चेक अर्धस्वयंचलित पिस्तुलांचा परिचय करून दिला आहे. अर्धस्वयंचलित म्हणजे एका वेळी चाप ओढला की एकच गोळी सुटते. रिकामे काडतूस बाहेर फेकणे व नवे काडतूस नळीत चढवणे हे काम पिस्तूल स्वतः करते.

आरंभीचा काळ

१९१८ साली ऑस्ट्रिया-हंगेरीचे साम्राज्य कोसळले आणि चेकोस्लोव्हाकिया हे नवे राष्ट्र जन्मास आले. नव्या राष्ट्राला स्वतःचे सैन्य हवे होते आणि सैन्याला स्वदेशी शस्त्रे. ब्रनो येथे सरकारी शस्त्रशाळा उभी राहिली. माउझर या जर्मन कारखान्यातील अभियंता योसेफ निक्ल यांच्या आराखड्यावरून तेथे 'व्हीझेड २२' हे सैनिकी पिस्तूल तयार करण्यात आले. 'व्हीझेड' हे 'व्झोर' या चेक शब्दाचे संक्षिप्त रूप असून त्याचा अर्थ नमुना असा होतो. पुढचा आकडा तो नमुना स्वीकारल्याचे वर्ष दर्शवतो.

लवकरच पिस्तुलांचे काम दक्षिण बोहेमियातील स्त्राकोनित्से येथील 'चेस्का झ्ब्रोयोव्का' या कारखान्याकडे गेले. 'चेक शस्त्रशाळा' एवढाच या नावाचा अर्थ. सीझेड ही त्याचीच आद्याक्षरे. तेथे निघालेल्या 'व्हीझेड २४' या पिस्तुलात गोळी सुटताना नळी स्वतःभोवती किंचित फिरत असे आणि या फिरण्यानेच स्लाइडची पकड सुटत असे. यंत्रकाम म्हणून ही रचना देखणी होती. परंतु ९ मिलिमीटर शॉर्ट या तुलनेने सौम्य काडतुसासाठी इतक्या खटाटोपाची गरज नव्हती. फ्रांतिशेक मिश्का या अभियंत्याने ते ओळखले. फिरती नळी काढून टाकून त्यांनी ७.६५ मिलिमीटर ब्राउनिंग काडतुसाचे साधे, स्वस्त आणि भरवशाचे 'व्हीझेड २७' सिद्ध केले. जुन्या चेक पिस्तुलांपैकी आज संग्राहकांच्या हाती सर्वाधिक पडते ते हेच.

व्हीझेड २७ हाताळताना त्याच्या दोन सवयी ध्यानात घ्याव्या लागतात. डाव्या बाजूची सेफ्टीची खिटी खाली दाबून बसवायची असते. ती सोडवण्यासाठी मात्र तिच्याखालचे वेगळे बटण दाबावे लागते. दुसरे असे की शेवटची गोळी सुटल्यावर स्लाइड मागे थांबते ती रिकाम्या मॅगझिनच्या आधारावर. मॅगझिन उपसले की ती पुढे सरकते. अनोळखी माणसाला यात बिघाड झाल्याचा भास होतो. प्रत्यक्षात ही रचनाच तशी आहे.

स्त्राकोनित्से हे गाव जर्मन सरहद्दीपासून फारसे दूर नव्हते. हिटलरच्या उदयानंतर हे अंतर धोक्याचे वाटू लागले, म्हणून १९३६ साली देशाच्या पूर्वेकडील उहेर्स्की ब्रोद येथे कारखान्याची शाखा काढण्यात आली. ही सावधगिरी पुरेशी ठरली नाही. मार्च १९३९ मध्ये जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या आणि देशातील सारे शस्त्रकारखाने शत्रूच्या हाती गेले. 'व्हीझेड ३८' हे नवे पिस्तूल चेक सैन्यासाठी तयार होत होते. तेही जर्मनांनाच मिळाले. त्याची नळी स्लाइडसह बिजागरीवर वर उचलली जाते, त्यामुळे साफसफाई अतिशय सोपी होते. चाप मात्र इतका जड की अचूक नेम धरणे कठीण जाते.

पोलादावरील इतिहास

व्हीझेड २७ चे उत्पादन जर्मन अमलात थांबले नाही, उलट वाढले. चार लाखांहून अधिक पिस्तुले त्या सहा वर्षांत जर्मन सैन्य व पोलीस यांच्यासाठी तयार झाली. या काळाची नोंद पिस्तुलांवरच आढळते. कब्जाच्या आरंभीच्या पिस्तुलांवर कंपनीचे नाव जर्मन भाषेत, 'बोहेमियन शस्त्रकारखाना, प्राग' अशा अर्थाचे कोरलेले दिसते. पुढे नावही गेले आणि 'एफएनएच' हे तीन अक्षरांचे गुप्त संकेतचिन्ह आले, जेणेकरून कारखाना कोणता हे शत्रूला कळू नये. युद्ध जर्मनीच्या विरोधात जाऊ लागले तसतशी बाह्य झिलईही उतरत गेली. सुरुवातीच्या पिस्तुलांवरील निळसर काळी चकाकी जाऊन शेवटच्या काळात हत्यारांच्या खुणा तशाच ठेवलेली, करड्या फॉस्फेट लेपाची पिस्तुले बाहेर पडू लागली.

युद्धानंतर तेच पिस्तूल पुन्हा चेक नावाने निघाले. मग फेब्रुवारी १९४८ मध्ये कम्युनिस्टांनी सत्ता हस्तगत केली. कारखान्याच्या नावापुढे आलेले 'नारोद्नी पोद्निक', म्हणजे 'राष्ट्रीय उपक्रम', हे शब्द उद्योगांच्या राष्ट्रीयीकरणाची साक्ष देतात. एकच आराखडा, परंतु त्यावर प्रजासत्ताक, परकी सत्ता आणि सरकारी मालकी या तीन अवस्था क्रमाने कोरल्या गेल्या आहेत. चेक पिस्तुलांच्या संग्राहकाचा खरा आनंद यातच असतो. केवळ झगझगीत पिस्तूल हवे असणाऱ्याने दुसरीकडे पाहावे.

युद्धोत्तर नमुन्यांपैकी ६.३५ मिलिमीटरचे खिशात मावणारे 'सीझेड ४५' आणि क्रातोख्विल बंधूंनी रचलेले पोलिसांसाठीचे 'व्हीझेड ५०' यांचा केवळ उल्लेख पुरे. याच बंधूंचे 'व्हीझेड ५२' मात्र वेगळे आहे. सोव्हिएत ७.६२ मिलिमीटर टोकारेव्ह काडतूस बरेच जोरकस असल्याने स्फोटाच्या क्षणी स्लाइड घट्ट धरून ठेवणे आवश्यक होते. त्यासाठी त्यांनी दोन पोलादी रुळांची कळ वापरली. तिचे तत्त्व जर्मनांच्या एमजी ४२ मशिनगनशी जुळते. पिस्तुलात असा प्रयोग क्वचितच झाला आहे. हे पिस्तूल सुमारे तीन दशके सैन्यात राहिले. त्यानंतर आउगुस्तिन नेचास यांचे ९ मिलिमीटर माकारोव्ह काडतुसाचे 'व्हीझेड ८२' आले.

सीझेड ७५ : जगाला ठाऊक, देशात गुप्त

१९६० च्या दशकाच्या अखेरीस चेस्का झ्ब्रोयोव्काने एका निवृत्त अभियंत्याला पुन्हा बोलावले. त्यांचे नाव फ्रांतिशेक कौत्स्की (१९०७-१९९४). आपले बंधू योसेफ यांच्यासह त्यांनी युद्धपूर्व काळापासून असंख्य शस्त्रे रचली होती. चेक शस्त्रांच्या नावांत आढळणाऱ्या 'झेडके' या अक्षरांतील 'के' म्हणजे कौत्स्कीच होत. त्यांच्यापुढे काम ठेवण्यात आले ते ९ मिलिमीटर पॅराबेलम काडतुसाच्या पिस्तुलाचे. आराखडा कसा असावा याविषयी त्यांना पूर्ण मोकळीक होती. सरकारी मागणीबरहुकूम काम करण्यात आयुष्य गेलेल्या अभियंत्याला ही संधी निवृत्तीनंतर मिळाली, हे विशेष.

पॅराबेलम हे पाश्चात्त्य राष्ट्रांचे काडतूस. वॉर्सा करारातील कोणतेही सैन्य ते प्रमाण म्हणून वापरत नव्हते. म्हणजेच हे पिस्तूल आरंभापासून निर्यातीसाठी, परकी चलन मिळवण्यासाठी होते. १९७५ साली आराखडा पूर्ण झाला आणि त्याच वर्षाचे नाव पिस्तुलाला मिळाले.

सीझेड ७५ मधील प्रत्येक घटक सुटा पाहिल्यास त्यात अपूर्व असे थोडेच आहे. नळी अडकवण्याची पद्धत ब्राउनिंग हाय-पॉवरच्या वळणाची आहे. भारतीय सैन्यातील, ईशापूर येथे तयार होणारे ९ मिलिमीटर पिस्तूल हे त्याच हाय-पॉवरचे रूप असल्याने आपल्याकडील जवानांना ती अपरिचित नाही. बहुतेक पिस्तुलांत स्लाइड ही सांगाड्याच्या बाहेरून सरकते. येथे ती सांगाड्याच्या आतल्या खाचांतून सरकते. ही कल्पना स्विस सिग पी २१० मध्ये आधीच होती. पंधरा काडतुसांचे दुपदरी मॅगझिन आणि दुहेरी क्रियेचा चाप हेही इतरत्र होते. कौत्स्की यांचे कर्तृत्व हे की या साऱ्यांचा मेळ त्यांनी मानवी हाताशी घातला. मुठीचा मागचा भाग अंगठा व तर्जनी यांच्या बेचक्यात असा बसतो की पिस्तूल आपोआप लक्ष्याकडे वळल्यासारखे वाटते. संपूर्ण पोलादी बांधणीमुळे वजन एक किलोग्रॅमच्या आसपास भरते. त्यामुळे बार होताना धक्काही सौम्य लागतो.

दुहेरी क्रिया म्हणजे काय, तेही सांगितले पाहिजे. घोडा खाली असताना चाप ओढला, तर आधी घोडा मागे जातो आणि मग सुटतो. ही ओढ लांब व जड असते. पुढच्या प्रत्येक गोळीला घोडा मागेच तयार असल्याने ओढ आखूड व हलकी होते. शिवाय घोडा मागे ठेवून सेफ्टी लावण्याचीही सोय कौत्स्की यांनी ठेवली. अशा जोडसोयीची पिस्तुले त्या काळी विरळा होती.

यानंतर घडले ते असे. कौत्स्की यांच्या शोधाला चेकोस्लोव्हाकियात पेटंट मिळाले. पण ते 'गुप्त' स्वरूपाचे होते. त्याचे अस्तित्वच जाहीर होत नसे. परदेशात पेटंट मागण्यास कौत्स्की आणि कारखाना या दोघांनाही मनाई होती. ज्या वस्तूची विक्री केवळ परदेशात व्हायची, तिला परदेशात कोणतेही कायदेशीर संरक्षण नाही, अशी ही विलक्षण स्थिती. तिचा व्हायचा तोच परिणाम झाला. इटलीतील तानफोलिओने तशीच पिस्तुले काढली, स्वित्झर्लंडमध्ये स्फिंक्स आले, इस्राएलमध्ये जेरिको, चीनमध्ये नोरिन्कोची प्रतिकृती. तुर्कस्तानातील कारखानेही मागे राहिले नाहीत. जगातील सर्वाधिक नक्कल झालेल्या पिस्तुलांत सीझेड ७५ ची गणना होते. या नकलांमुळे पिस्तुलाची कीर्ती पसरली, हे म्हणणे खरे आहे. परंतु त्या कीर्तीचे मोल कौत्स्की यांच्या पदरात पडले नाही, हेही तितकेच खरे.

अमेरिकेत तर अधिक गंमत घडली. कम्युनिस्ट देशांच्या मालावरील भारी जकातीमुळे मूळ पिस्तूल तेथे दुर्मीळ होते. नेमबाजीचे प्रसिद्ध अमेरिकन शिक्षक जेफ कूपर यांनी त्याची मनापासून वाखाणणी केली आणि त्याच आराखड्याच्या आधारे १९८० च्या दशकात १० मिलिमीटरचे 'ब्रेन टेन' निघाले. 'मायामी व्हाइस' या दूरचित्रवाणी मालिकेच्या नायकाच्या हाती ते झळकले खरे. पण ते तयार करणारी कंपनी १९८६ साली दिवाळखोरीत गेली. यातील 'ब्रेन' हे नाव भारतीय सैनिकांच्या पिढ्यांना ठाऊक असलेल्या ब्रेनगनची आठवण देणारे आहे. ती हलकी मशिनगन मूळची ब्रनो येथील, ब्रिटिशांनी एनफिल्ड येथे तिचे उत्पादन केले आणि दोन गावांच्या आद्याक्षरांतून तिचे नाव साधले.

मायदेशी मात्र सीझेड ७५ बाजारात यायला १९८५ साल उजाडावे लागले. १९८९ च्या मखमली क्रांतीनंतर ते चेक पोलीस व सैन्यापर्यंतही पोहोचले. २०२१ साली सीझेडच्या मूळ उद्योगसमूहाने कोल्ट ही अमेरिकेची ऐतिहासिक कंपनीच विकत घेतली.

संग्राहकाने काय पाहावे

सीझेड ७५ च्या अगदी पहिल्या नमुन्यांत सांगाड्यावरील खाचा आखूड असत. संग्राहक त्यांना 'आखूड रुळांची' पिस्तुले म्हणतात आणि त्यांना सर्वाधिक मागणी असते. पुढे रूळ लांबवण्यात आले. १९९० च्या दशकात फायरिंग पिन अडवून धरणारी कळ बसवून 'सीझेड ७५ बी' आले. त्याआधीची पिस्तुले 'बी-पूर्व' म्हणून ओळखली जातात. बनावटीच्या देशाचे नाव हीही एक सोपी खूण आहे. १ जानेवारी १९९३ रोजी चेकोस्लोव्हाकियाचे विभाजन झाल्याने त्यावर चेकोस्लोव्हाकियाचे नाव असेल तर पिस्तूल जुन्या काळातील, हे उघड होते.

क्रमांक जुळतात का, हे पाहणे अगत्याचे आहे. युद्धकाळातील अनेक व्हीझेड २७ पिस्तुलांत सांगाडा एकाचा, स्लाइड दुसऱ्याची असे प्रकार आढळतात. जुने पिस्तूल पुन्हा पॉलिश करून निळे करण्याचा मोह टाळावा. त्यात कोरीव खुणा पुसट होतात आणि खुणाच गेल्या की पिस्तुलाचा पूर्वेतिहासही जातो. झिजलेली मूळ झिलई ही नव्या झिलईपेक्षा केव्हाही मोलाची.

सुरक्षिततेच्या दोन गोष्टी आवर्जून सांगण्यासारख्या आहेत. व्हीझेड ५२ मध्ये खिटी वर ढकलून घोडा खाली आणण्याची सोय आहे. पण अनेक दशकांच्या झिजेनंतर ती विश्वसनीय राहत नाही. नळीत काडतूस असताना ती वापरल्यास गोळी सुटू शकते, तेव्हा ती वापरूच नये. बी-पूर्व सीझेड ७५ मध्ये फायरिंग पिन अडवणारी कळ नसते आणि घोडा अंगठ्याने धरून खाली आणावा लागतो. तेथे अंगठा निसटणे म्हणजे थेट अपघात. पिस्तूल हाती घेताच प्रथम मॅगझिन काढावे, नंतर स्लाइड मागे ओढून नळी डोळ्यांनी पाहावी. हा क्रम उलटा झाला तर मॅगझिनमधील नवे काडतूस नळीत चढते आणि मॅगझिन काढल्यावर पिस्तूल रिकामे झाल्याचा खोटा समज होतो.

जुन्या लष्करी साठ्यातील काडतुसांच्या टोपीत क्षारयुक्त रसायने असतात. ती डागल्यानंतर नळी केवळ तेलाने पुसून भागत नाही. क्षार पाण्यातच विरघळतात. म्हणून आधी गरम पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडी करून मगच तेल द्यावे. एरवी काही दिवसांतच गंज धरतो.

तेथील कायदा

चेक प्रजासत्ताकात सामान्य नागरिकाला परवान्याने पिस्तूल बाळगता येते. त्यासाठी लेखी व प्रात्यक्षिक परीक्षा, वैद्यकीय दाखला आणि निष्कलंक चारित्र्य आवश्यक असते. २००२ च्या कायद्यात संग्राहक, नेमबाज, शिकारी, व्यवसाय आणि स्वसंरक्षण असे पाच वर्ग होते. युरोपीय संघाने २०१७ साली नियम कडक केले तेव्हा चेक सरकार त्याविरुद्ध संघाच्या न्यायालयात गेले आणि २०१९ साली हरले. २०२१ मध्ये, कायद्याने घातलेल्या अटींच्या अधीन राहून शस्त्राने जीवरक्षण करण्याचा अधिकार तेथील मूलभूत हक्कांच्या सनदेत घालण्यात आला.

डिसेंबर २०२३ मध्ये प्रागच्या चार्ल्स विद्यापीठात एका विद्यार्थ्याने केलेल्या गोळीबारात १४ जणांचा बळी गेला. त्याच्याजवळची शस्त्रे परवान्याची होती. या घटनेने शस्त्रप्रेमी देशालाही विचार करावा लागला. त्याआधीच तयार होत असलेला नवा कायदा २०२४ साली संमत झाला आणि १ जानेवारी २०२६ ही त्याच्या अंमलबजावणीची तारीख ठरली. त्याने जुन्या पाच वर्गांऐवजी दोनच ठेवले, वैद्यकीय तपासणी दहाऐवजी पाच वर्षांनी बंधनकारक केली आणि संशयास्पद खरेदीची माहिती देणे विक्रेत्यांवर सोपवले.

भारतातील स्थिती

भारतात शस्त्र बाळगणे हे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने आणि २०१६ च्या शस्त्र नियमांनी नियंत्रित आहे. सैन्याचे ९ मिलिमीटर काडतूस ज्यातून डागता येते ते पिस्तूल 'निषिद्ध बोअर' ठरते. त्यामुळे सीझेड ७५ सामान्य परवानाधारकाच्या आवाक्याबाहेर आहे. ७.६५ मिलिमीटर, म्हणजेच आपल्याकडे ज्याला ०.३२ बोअर म्हणतात, ते मात्र निषिद्ध नाही. व्हीझेड २७ आणि व्हीझेड ५० यांसारखी जुनी चेक पिस्तुले या वर्गात मोडतात.

१९८० च्या दशकाच्या मध्यापासून खासगी व्यक्तींसाठी अशा शस्त्रांची आयात जवळपास बंद झाल्याने देशात पूर्वी आलेलीच पिस्तुले हातोहात फिरत राहिली आणि त्यांच्या किमती मूळ देशातील किमतीच्या कितीतरी पट चढल्या. युरोपात मध्यम प्रतीचे गणले जाणारे पिस्तूल येथे केवळ 'परदेशी' म्हणून मौल्यवान ठरते. खरेदी करणाऱ्याने हा फरक ओळखून नळीची झीज, क्रमांकांची जुळणी आणि कागदपत्रे यांकडे अधिक लक्ष द्यावे.

२०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच शस्त्रे बाळगता येतात आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली आहे. वडिलांच्या वा आजोबांच्या पश्चात घरात सापडलेले पिस्तूल आपोआप वारसाचे होत नाही. ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावे, पावती घ्यावी आणि मगच स्वतःच्या नावे परवान्यासाठी जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त कार्यालयाकडे अर्ज करावा. मृत परवानाधारकाचा मूळ परवाना व शस्त्रावरील क्रमांकाची नोंद अर्जासोबत तयार ठेवावी.